गेल गावचे पाहुणे

बेल्जम देशाच्या उत्तरेस अँटवर्प हे जे मोठे बंदर आहे, त्याच्या पूर्वेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर गेल नावाचे एक गाव आहे. (गावकऱ्यांच्या तोंडी या नावाचा पहिला वर्ण आपल्या ‘ख’च्या जवळ जातो; परंतु इंग्रजी ग्रंथांवरून आपल्याकडे आलेला उच्चारच येथे ठेवला आहे.) भोवतालचा मुलूख केम्पेन या नावाने ओळखला जातो. तो रेताड, हलक्या जमिनीचा आणि जुन्या काळी दारिद्र्याबद्दल प्रसिद्ध असा होता. राजेरजवाड्यांच्या इतिहासात या गावाला विशेष स्थान नाही. मात्र एका गोष्टीत त्याची बरोबरी करणारे दुसरे गाव युरोपात दाखविता येणार नाही. जन्मतःच ज्यांची बुद्धी अपुरी राहिली किंवा पुढे ज्यांचे चित्त बिघडले, अशा परक्या, प्रौढ माणसांना येथील सामान्य कुटुंबे निदान पाचशे वर्षे आपल्या घरात ठेवून घेत आली आहेत. ती माणसे त्यांच्या नात्याची नव्हेत, गावची नव्हेत, पुष्कळदा त्यांच्या भाषेचीही नव्हेत.

हा विषय या मासिकाच्या वाचकांस दूरचा वाटेल. पण तो तितका दूरचा नाही. ‘आमच्याकडे असल्या माणसांना घरचेच लोक सांभाळतात, त्यांना कोठे पाठवावे लागत नाही,’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे; अनेकांनी अभिमानाने उच्चारलेही आहे. ते अगदीच खोटे नाही. गावाकडच्या वाड्यात एखादा ‘भोळा’ काका असे. तो विहिरीचे पाणी शेंदी, गुरांना वैरण घाली, लग्नकार्यात पत्रावळी मांडी आणि माजघराच्या कडेला निजे. त्याचे वय कोणी मोजीत नसे. पण त्या काकाला वाड्याने सांभाळले होते, कोणा एका माणसाने नव्हे. आणि वाडा आता उरला नाही. दर तीन-चार वर्षांनी भोपाळहून भुवनेश्वरला आणि तेथून शिलाँगला जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या सरकारी बंगल्यात दोन माणसे सत्तरीकडे झुकतात आणि तिसरे, त्यांचेच अपत्य, चाळिशीचे होऊनही स्वतःच्या सदऱ्याची बटणे लावू शकत नाही. ‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न त्या घरात रोज निजताना विचारला जातो. रक्ताचे नाते संपते तेथे पुढे काही असू शकते काय, याचे एक जुने, प्रत्यक्ष घडलेले उत्तर गेल गावाच्या इतिहासात आहे. ते उत्तर पुरे पडते की नाही, हा भाग निराळा.

या इतिहासाचा आरंभ एका दंतकथेत आहे. सातव्या शतकात आयर्लंडच्या एका राजाची राणी निवर्तली. शोकाने भ्रमिष्ट झालेल्या राजाला राणीसारखी दिसणारी दुसरी स्त्री कोठे मिळेना. तेव्हा त्याची दृष्टी स्वतःच्या कन्येवर गेली. ही कन्या डिम्फ्ना आपल्या वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून पळाली आणि गेलच्या रानात येऊन राहिली. वाटेत खर्च केलेल्या परदेशी नाण्यांच्या मागावर राजा तेथे पोचला. त्याच्या माणसांनी धर्मगुरूला ठार केले. मुलीचा शिरच्छेद मात्र बापाने स्वहस्ते केला. वेड्या बापापुढे जी नमली नाही ती वेडाला नमविणारी ठरली, अशी लोकश्रद्धा झाली, आणि भ्रमिष्टांना तिच्या समाधीपाशी आणण्याची प्रथा पडली. तेराव्या शतकाच्या मध्यास कॅम्ब्रेच्या बिशपच्या आज्ञेवरून पीटर नावाच्या धर्माधिकाऱ्याने ही कथा लॅटिनमध्ये लिहून काढली. त्यापूर्वीचा लेखी आधार नाही. म्हणून डिम्फ्ना खरोखर झाली की नाही याविषयी इतिहासकाराने मौन पाळणेच बरे.

येथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याच तेराव्या शतकात आपल्या वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभू वावरत होते. महानुभावांच्या चरित्रग्रंथांत त्यांच्या ज्या लीळा नोंदल्या आहेत, त्यांत ते कोणाच्याही घरात शिरतात, मनास येईल ते खातात, अकारण हसतात, रागावतात. काहींना ते वेडे वाटतात, आणि तेच गावकरी त्यांना आईबापही मानतात. अर्थात ही तुलना फार ताणता येत नाही. ऋद्धिपूरकरांनी ज्यांना घरात येऊ दिले त्यांना ते ईश्वर समजत होते. गेलच्या शेतकऱ्यापुढे अशी काही सोय नव्हती. त्याच्या दारी आलेला माणूस माणूसच होता, आणि तोही ओझे म्हणून कोणीतरी आणून सोडलेला.

डिम्फ्नेच्या नावाचे मोठे चर्च चौदाव्या शतकात बांधावयास घेतले गेले. पुढे त्याच्या मनोऱ्याला लागून ‘आजाऱ्यांची खोली’ बांधण्यात आली. यात्रेकरूने तेथे नऊ दिवस राहावे, प्रार्थना कराव्या, संतिणीच्या अवशेषांच्या पेटीखालून गुडघ्यांवर रांगत जावे, असे ते अनुष्ठान होते. गाणगापूरला सेवेस राहिलेली माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे दृश्य समजावून सांगावयास नको. नऊ दिवसांत काहींना उतार पडे, ते घरी जात. पुष्कळांना पडत नसे. शिवाय खोली लहान आणि येणारे फार. तेव्हा पाळी येईपर्यंत किंवा अनुष्ठान पुन्हा करीपर्यंत यात्रेकरूंची सोय चर्चचे लोक आसपासच्या घरांत करू लागले. काहींचे नातेवाईक त्यांना न्यावयास परत आलेच नाहीत, आणि काही दिवसांची वस्ती काही वर्षांची व अखेर जन्माची झाली.

गेलची कीर्ती चमत्कारांमुळे पसरली हे खरे; परंतु गेलची व्यवस्था उभी राहिली ती चमत्कार न घडल्यामुळे, ही गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. जो बरा झाला तो निघून गेला. जो बरा झाला नाही, आणि ज्याचा दोष जन्माचाच असल्यामुळे ‘बरा होणे’ या शब्दाला अर्थच नव्हता, तो राहिला. त्याच्याशी कसे वागावे हे गावाला शिकावे लागले. वैद्यक किंवा मंत्रतंत्र यांचा आधार संपल्यावर उरते ते निव्वळ सहवासाचे शास्त्र, आणि त्यात हे गाव पिढ्यान्पिढ्या मुरत गेले. मंदबुद्धी आणि भ्रमिष्ट हा भेद त्या काळी कोणी फारसा करीत नसे. आपल्याकडे तरी कोठे होता? १९१२ च्या भारतीय कायद्यातील वेड्याच्या व्याख्येत जन्माचा मंदबुद्धी आणि चित्त बिघडलेला हे दोघे एकाच वाक्यात बसविले होते.

गावकऱ्यांनी हे निव्वळ दयाबुद्धीने केले असे म्हणणे त्यांच्यावर नसता देवपणा लादणे होय. केम्पेनच्या रेताड शेतीला रोख पैसा ठाऊक नव्हता. पाहुण्याच्या मागे येणारी ठरावीक रक्कम हे अनेक घरांचे एकमेव रोख उत्पन्न होते. शिवाय अंगात बळ असलेला माणूस गाई राखी, बटाटे खणी, पाळणा हलवी. डच भाषेत या पाहुण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘जेवणकरी’ असा होतो. आपल्याकडे वार लावून जेवणारा विद्यार्थी असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि विद्या पुरी झाली की तो आपल्या वाटेने जाई. गेलचा जेवणकरी एकाच घरी सातही वार जेवे आणि कोठेच जात नसे. त्याला रुग्ण म्हणण्याची रीत नव्हती, आजही नाही. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी ‘रुग्ण’ आणि ‘जेवणकरी’ हे दोन शब्द स्वयंपाकघरात उच्चारून पाहावेत.

याची काळी बाजूही होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील नगराच्या हुकुमांत, उपद्रवी पाहुण्याचे हातपाय बांधून ठेवावेत आणि त्याने केलेल्या नुकसानीस यजमानाने जबाबदार राहावे, अशी कलमे आढळतात. पायांत लोखंडी बेड्या घालून शेतात फिरणारी माणसे एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनीही पाहिली. पण त्या हुकुमांतून दुसरी एक गोष्टही दिसते. जेवणकऱ्याची जबाबदारी एकट्या यजमानाची नसून नगराची आहे, हे मध्ययुगाच्या अखेरीपासून गृहीत धरलेले होते. कोणाच्या घरी कोण आहे, हे गावाला माहीत असे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने हा मुलूख जिंकला. चर्च बंद पडले, अनुष्ठाने थांबली. देवस्थानावर उभी असलेली प्रथा देवस्थानाबरोबर बुडावयास हवी होती. ती बुडाली नाही. देऊळ मिटले, बिऱ्हाडे उठली नाहीत. उलट १८०३ साली ब्रुसेल्सच्या बाजूच्या फ्रेंच प्रांताधिकाऱ्याने, पाँतेकुलाँ त्याचे नाव, शहरातील वेड्यांच्या इस्पितळाची अवस्था पाहून तेथील माणसे सरकारी खर्चाने गेलला हलविण्याचा हुकूम काढला. हा गृहस्थ म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्याचाच भाऊबंद. ज्या राजवटीने डिम्फ्नेचे दार बंद केले, तिच्याच एका अधिकाऱ्याने तिच्या गावाला नवे पाहुणे दिले. कागदावरचा हुकूम काही वेळा माणसांच्या उपयोगी पडतो, याचे हे एक उदाहरण म्हणून लक्षात ठेवावयास हरकत नाही.

पुढची शंभर वर्षे गेल हा युरोपातील वैद्यांचा वादाचा विषय होता. १८२१ साली फ्रान्सचा थोर मनोवैद्य एस्किरोल तेथे जाऊन आला. वेडी माणसे रस्त्यांतून मोकळी फिरतात आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही, याचे त्याला नवल वाटले. बेड्यांचा त्याला विषाद वाटला. आणि तेथे उपचार असे काहीच नाहीत, हे त्याने नापसंतीने नोंदविले. बेल्जममधला सुधारक गिस्लँ याने तर या पद्धतीवर कडक टीका केली. अशिक्षित शेतकऱ्याच्या झोपडीत वैद्याची देखरेख कोठून येणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो उपहासाने उडवून लावण्यासारखा नव्हता. तो काळ मोठमोठी इस्पितळे बांधण्याचा होता. उंच भिंती, लांब दालने, घंटेबरोबर उठणे-बसणे यांत शास्त्र आहे, आणि घरगुती राहणीत केवळ रूढी आहे, असे त्या काळच्या विद्वानांना मनापासून वाटे. उलट मोरो द तूर याच्यासारख्या वैद्याला गेलमध्येच पुढच्या काळाची दिशा दिसली.

बेल्जमच्या सरकारने १८५० च्या कायद्याने मधला मार्ग काढला. गेल ही सरकारी वसाहत ठरली. वैद्यकीय संचालक नेमला गेला. बेड्यांवर निर्बंध आले. आणि १८६२ साली गावात एक छोटे रुग्णालय उघडले. त्यातली मेख अशी की रुग्णालय हे राहण्याचे ठिकाण नव्हतेच. नवा माणूस प्रथम तेथे यावयाचा, काही दिवस त्याचा स्वभाव, सवयी, भीती पाहावयाच्या आणि मग त्याला जुळेल असे घर निवडावयाचे. आजारी पडला किंवा घरात अगदीच बेबनाव झाला तर परत तेथे. निवळले की पुन्हा घरी. एका घरी दोहोंपेक्षा अधिक पाहुणे ठेवावयाचे नाहीत आणि स्त्रिया व पुरुष एका घरी मिसळावयाचे नाहीत, असे दंडक पडले. गावाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात फिरती परिचारिका नेमली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी स्नानगृहे बांधली. शेतकऱ्यांच्या घरी न्हाणीघर नसल्यामुळे पाहुणे तेथे स्नानास येत. कपडे उतरविलेल्या माणसाच्या अंगावर वळ आहेत काय, तो सुकला आहे काय, हे परिचारिकेच्या नजरेस आपोआप पडे. तपासणीची इतकी साधी आणि इतकी बिनतोड युक्ती प्रस्तुत लेखकाच्या वाचनात दुसरी आलेली नाही.

गेलचा लौकिक सर्वत्र चांगला होता असे मात्र नाही. चित्रकार व्हॅन गॉग याच्या वडिलांनी १८८० च्या सुमारास, मुलगा ठिकाणावर नाही अशा समजुतीने, त्याला गेलला ठेवण्याचा घाट घातला होता. मुलाला त्याचा अतोनात संताप आला आणि तो बेत तडीस गेला नाही. ज्या गावाचे नाव काढून शेजारच्या प्रांतांत पोरांना भिवविले जाई, तेच गाव १९०२ साली अँटवर्पच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वैद्यांनी वाखाणले. तोवर फ्रेंच भाषिक बेल्जममध्ये लिएर्नो येथे, फ्रान्समध्ये द्यून-सुर-ओराँ येथे तसल्याच वसाहती निघाल्या होत्या. स्कॉटलंडात १८५७ च्या कायद्यानंतर खेड्यांतील कुटुंबांत माणसे ठेवण्याची पद्धत वाढली होती. १९३८ साली गेलमध्ये ३,७३६ जेवणकरी होते. हा आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही.

या घरांत प्रत्यक्ष काय घडत असे? अहवालांतून ते फारसे कळत नाही. १९७० च्या दशकात तेथे राहून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासक स्त्रीने सांगितलेली एक हकीकत बोलकी आहे. एका घरचा पाहुणा रोज आपल्या सदऱ्याची बटणे पिळून पिळून तोडी, आणि घरची बाई रोज रात्री ती शिवून देई. मासे पकडावयाच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटणार नाहीत, असे या अभ्यासिकेने सुचविले. बाई म्हणाली, छे, ते सर्वांत वाईट होईल. त्याला ती पिळावयास हवीच आहेत. दुसऱ्या एका पाहुण्याला भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसत; घरधनीण उठून हातवारे करी आणि ते हुसकावून लावी. या बायकांना मानसशास्त्राचा गंध नव्हता. पाहुण्याच्या आजाराचे नावही यजमानांना सांगितले जात नसे. त्यांनीही ते विचारावे अशी रीत नव्हती.

आईबाप असे वागू शकत नाहीत असे नव्हे. पण त्यांना ते फार जड जाते. पोटच्या मुलाची तुटकी बटणे पाहताना आईला त्याच्या वयाची इतर मुले दिसतात, शेजाऱ्याचा मुलगा दिसतो, आपले काय चुकले हा विचार दिसतो. परक्याच्या घरात बटण हे बटणच असते. परक्याला त्या माणसाकडून काही अपेक्षा नसते, आणि त्यामुळेच तो जसा आहे तसा घरात मावतो. रक्ताच्या नात्याचा गौरव ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट रुचणारी नाही. परंतु गेलच्या साऱ्या इतिहासाचा कल तिकडेच आहे.

तथापि समरसतेचा डांगोराही पिटावयास नको. १९६६ पासून अमेरिकन व बेल्जियन विद्वानांनी या गावाचा दीर्घ अभ्यास केला. रोझेन्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या ग्रंथांवरून दिसते की जेवणकरी हा घरचा होई, पण बरोबरीचा क्वचितच. साठ वर्षांच्या पुरुषालाही लेकरासारखे वागविले जाई. त्याचे लग्न, त्याचा पैसा, त्याची इच्छा यांविषयी दुसरेच ठरवीत. गावाने त्याच्यासाठी जागा केली होती. पण ती कोणती, हेही गावानेच ठरविले होते. गेलचा गौरव करणारे लेखक हा भाग बहुधा गाळतात.

आशियात असे काही घडलेच नाही अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. जपानात क्योटोजवळ इवाकुरा नावाचे खेडे आहे. अकराव्या शतकातील एका सम्राटाची कन्या तेथील दाइउन-जी मंदिराच्या पाण्याने मनोव्यथेतून मुक्त झाली, अशी आख्यायिका. मग यात्रेकरू, मग त्यांना उतरवून घेणारी बिऱ्हाडे, मग वर्षानुवर्षे राहिलेली माणसे. क्रम हुबेहूब तोच. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपियन वैद्यांनी त्याला जपानचे गेल म्हटले. दुसऱ्या महायुद्धाबरोबर ती परंपरा संपली.

आणि आपल्याकडे? तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एक दर्गा आहे. तेथेही नातेवाईक माणसे आणीत. तेथेही दृष्टांत होईपर्यंत राहावयाचे असे. तेथेही न्यावयास कोणी परत न आलेली माणसे मागे उरत आणि त्यांना ठेवून घेणारी खाजगी ‘घरे’ निघाली. आरंभ गेलच्या आरंभापासून वेगळा काढता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका झापाच्या निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जण गेले. श्रद्धेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण श्रद्धा दोन्हीकडे होती, साखळी दोन्हीकडे होती, पैसेही दोन्हीकडे घेतले जात. फरक शोधावयाचा तर तो अधिक साध्या गोष्टींत शोधावा लागेल. गेलमध्ये एका घरात एक किंवा दोन माणसे राहत, आणि ती चुलीजवळ बसत. एरवाडीला ती एका झापाखाली रांगेने बांधलेली होती. गेलमध्ये कोण कोठे आहे हे नगराला ठाऊक होते आणि पुढे कोणीतरी पगारी माणूस दर काही दिवसांनी दार ठोठावून आत पाहून येत असे. एरवाडीत सरकार पोचले ते आग विझल्यावर. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, हे खरे.

आपल्याकडचे सर्वच चित्र असे नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉक्टर विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना तेथेच राहावयास बोलावले. जागा अपुरी होती म्हणून नव्हे केवळ, तर घरच्या माणसांनी सेवा शिकावी म्हणून. १९६४ साली फ्रान्समधील त्रोली-ब्रॉय या खेड्यात झाँ व्हानिए यांनी एका संस्थेतील दोन बौद्धिक अपंग पुरुषांना आपल्या घरी राहावयास आणले. त्यातून ‘लार्श’ नावाची घरांची मालिका निघाली आणि १९७० साली तिचे एक घर बंगलोरला ‘आशा निकेतन’ या नावाने उघडले. मदतनीस आणि अपंग प्रौढ एकाच घरात, एकाच स्वयंपाकावर राहतात, ही त्याची रीत. व्हानिए यांच्या मृत्यूनंतर, त्यांनी वर्षानुवर्षे अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्याच संस्थेने करविलेल्या चौकशीत २०२० साली उघड झाले. त्या स्त्रिया अपंगांपैकी नव्हत्या. घरे चालू राहिली, पण त्यांच्या संस्थापकाची तसबीर भिंतीवरून उतरविण्याची पाळी आली. गेलला हा धोका नव्हता, कारण गेलला संस्थापकच नाही. डिम्फ्ना दंतकथेतली, बाकी सारे शेतकरी, चांभार, पाववाले आणि त्यांच्या बायका.

कायद्याकडे वळावयाचे तर १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मंदबुद्धी माणसाला मनोरुग्णाच्या व्याख्येतून वगळले. ते शास्त्रशुद्ध होते. पण त्यामुळे तो जुन्या कायद्यातून बाहेर पडला आणि बराच काळ दुसऱ्या कोणत्या छपराखाली आला नाही. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी तो आहे, आणि आईबापांच्या मृत्यूनंतर या माणसांची काळजी वाहणे हा त्याचा एक उघड सांगितलेला उद्देश आहे. रोज निजताना विचारला जाणारा तो प्रश्न असा प्रथमच कायद्याच्या कलमात आला. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याचे काम जिल्हा पातळीवरील एका समितीकडे आहे. तीत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः अपंग असलेली एक व्यक्ती असते. आईबाप पालक म्हणून आपल्या पसंतीची कोणतीही व्यक्ती सुचवू शकतात. ती नात्यातलीच हवी असे कायद्याने म्हटलेले नाही. या चार शब्दांतून गेलकडे जाणारी एक अरुंद वाट निघते. तिच्यावरून जाणारे अर्थात विरळा.

या मासिकाच्या वाचकांपैकी काही जण त्या समितीवर बसले असतील, काही पुढे बसतील. काही जण मेजाच्या दुसऱ्या बाजूलाही उभे राहिले असतील, कारण ज्यांच्यावर अपंग व्यक्ती अवलंबून आहे अशा केंद्र सरकारी नोकरांना नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचे परिपत्रक २०१४ साली निघाले ते काही उगाच नव्हे. नियुक्त झालेल्या पालकाने ताब्यात आलेल्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावयाची आणि पुढे दर वर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. हिशेब तपासणे आपल्याला येते. तो माणूस रोज कोणाच्या पंगतीला बसतो, त्याच्या सदऱ्याला बटणे आहेत की नाहीत, हे पाहावयास त्या घरी कोणी जाते काय, हे ज्या त्या जिल्ह्यावर आणि ज्या त्या अधिकाऱ्यावर राहते. आणि तीन वर्षांनी अधिकारी बदलतो.

गेलमध्येही आता पूर्वीचे दिवस नाहीत. २००३ च्या सुमारास पाहुण्यांची संख्या पाचशेच्या आसपास आली होती. त्यांतले जवळजवळ निम्मे बौद्धिक अपंग होते. पुढे ती आणखी घटून काहीशांवर आली. शेती गेली, तिच्याबरोबर हाताला हात देणारे साधे काम गेले. घरधनीण नोकरीवर जाऊ लागली, दिवसा घर रिकामे पडू लागले. तरुण दांपत्यांना लहान घरे व आटोपशीर संसार हवेसे झाले. वाडा जसा आपल्याकडे मोडला तसाच तो तेथेही मोडत आहे. दिवसभर पाहुण्यांनी जाऊन बसावे, हातकाम करावे यासाठी तेथील मनोरुग्णालयाने केंद्रे उघडली आहेत, परिचारिका अजून घरोघर फिरतात, आणि २०२३ साली युनेस्कोने ही पद्धत जतनाच्या उत्तम उदाहरणांच्या नोंदवहीत घातली. संग्रहालयात जावयाच्या थोडे आधी बहुधा असे मान मिळतात.

तरीही एक प्रथा तेथे आजही टिकून आहे. यजमान आणि यजमानीण वारली म्हणजे त्यांचा मुलगा किंवा मुलगी घराबरोबर पाहुण्यालाही आपलेसे करते. लहानपणी ज्याने आपला पाळणा हलविला त्याला आता ही मंडळी हाताला धरून जिना उतरवितात. एकाच कुटुंबात पन्नास पन्नास वर्षे काढलेले जेवणकरी तेथे आढळतात. आपल्या जन्मदात्यांचे घर त्यांतील कित्येकांना आठवतही नाही.